दूध आधी, लोकर मागाहून : मध्य अनातोलियात मेंढीच्या मागावर

अंकारा

माणसाने मेंढ्या, शेळ्या आणि गाई पाळायला सुरुवात केली ती मांसासाठी. त्यांचे दूध काढणे, लोकर कातणे आणि त्यांना ओझ्याला किंवा नांगराला जुंपणे या गोष्टी त्याला कित्येक सहस्रके उलटल्यावर, जवळजवळ एकाच काळात सुचल्या, असा विचार ऑक्सफर्डचे पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू शेरॅट यांनी १९८१ साली मांडला. त्यांनी हा बदल इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या आसपास झाला असे मानले होते. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत मातीच्या भांड्यांतील चरबी, जनावरांच्या जबड्यांतील दात आणि कापडाचे जळके तुकडे यांच्या अभ्यासातून या चित्राचा निम्मा भाग पार बदलला आणि निम्मा बराचसा तसाच राहिला. कोणता भाग बदलला आणि का, हे जिथे पायी हिंडून पाहता येते तो प्रदेश म्हणजे मध्य तुर्कस्तान. मी शाळेत विज्ञान शिकवत असे आणि माझी थोरली बहीण, जिला मी या लेखात नुसते ताई म्हणेन, ती आयुष्यभर हाताने सूत कातत आली आहे. आम्हा दोघींना एकाच प्रश्नाची दोन टोके हवी होती, म्हणून मे महिन्यात आम्ही मुंबईहून इस्तंबूलमार्गे अंकाऱ्याला पोहोचलो.

अनातोलियन संस्कृतींचे संग्रहालय किल्ल्याच्या उतारावर, पंधराव्या शतकातील एका घुमटांच्या बाजारपेठेत वसलेले आहे. ही पेठ बांधली गेली ती अंकारा शेळीच्या रेशमासारख्या केसांच्या, म्हणजे मोहेरच्या, कापडाच्या व्यापारासाठी. म्हणजे ज्या इमारतीत आज नवाश्मयुगातील भांडी मांडलेली आहेत तिथे एके काळी मोहेरचे तागे विकले जात होते. ताईला ही गोष्ट इतकी आवडली, की पहिला अर्धा तास ती कपाटांकडे न बघता कमानींकडेच बघत होती.

कोन्याजवळच्या चातालह्योयुक या नवाश्मयुगीन वस्तीतील प्रसिद्ध बैठी स्त्रीमूर्ती, जिच्या दोन्ही हातांखाली मार्जारकुळातील दोन जनावरे आहेत, ती याच संग्रहालयात आहे आणि सगळी गर्दी तिच्याभोवती असते. आम्ही मात्र बराच वेळ काढला तो शेजारच्या साध्या, काळपट, झिलई नसलेल्या मडक्यांपाशी. या संपूर्ण विषयाची गुरुकिल्ली अशाच भांड्यांत आहे. झिलई नसलेली माती सच्छिद्र असते. तिच्यात शिजवलेल्या पदार्थाची चरबी मुरते आणि हजारो वर्षे टिकून राहते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या अंगच्या चरबीतील आणि दुधाच्या चरबीतील स्टिअरिक आम्लात कार्बनच्या दोन समस्थानिकांचे, म्हणजे वेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण वेगवेगळे असते, कारण दुधासाठी हे आम्ल स्तनग्रंथी स्वतः तयार करू शकत नाही, तिला ते रक्तातून घ्यावे लागते, आणि त्यातले बरेचसे चाऱ्यातूनच आलेले असते. त्यामुळे खापराचा चिमूटभर चुरा तपासून त्यात मटण शिजले की दूध तापले, हे सांगता येते. ब्रिस्टल विद्यापीठाचे रिचर्ड एव्हरशेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली निकट पूर्वेतील आणि आग्नेय युरोपातील २,२०० हून अधिक भांड्यांची अशी तपासणी प्रसिद्ध केली आणि दुधाचा वापर इ.स.पू. सातव्या सहस्रकापर्यंत मागे नेला. सर्वांत ठळक खुणा वायव्य अनातोलियात, मार्मारा समुद्राच्या परिसरात मिळाल्या; तो भाग ओलसर आणि हिरवा आहे, आणि तिथले शेतकरी मेंढ्यांपेक्षा गाईगुरांवर अधिक भर देत होते. शेरॅट यांच्या अंदाजाहून हा काळ तीनेक हजार वर्षांनी जुना आहे, आणि मडकी घडवायला लागल्यानंतर फारसा वेळ न लागता दूध त्यांत आलेले दिसते. हीच पद्धत पुढे आपल्याकडे कच्छमधील कोटडा भडली येथील हडप्पाकालीन खापरांनाही लावली गेली आणि तिथेही सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दुधाचा पुरावा मिळाला.

ज्यांना हे संग्रहालय नीट पाहायचे आहे त्यांनी सकाळी उघडताच आत जावे, कारण अकरानंतर सहलींच्या बसगाड्या येऊ लागतात. मांडणी काळानुसार उजवीकडून सुरू होऊन गोल फिरत जाते; उलट दिशेने फिरल्यास सगळा क्रम बिघडतो. दुपारनंतर मेमध्ये जवळजवळ रोज पावसाची एखादी जोरदार सर येते, तेव्हा किल्ल्यावर चढायचे असेल तर तेही जेवणाआधीच उरकावे.

ग्युझेलयुर्त आणि आशिक्ली ह्योयुक

अंकाऱ्याहून आक्साराय आणि तिथून लहान बसने ग्युझेलयुर्त हा प्रवास काहीही न घडता पार पडला. आम्ही एका कुटुंबाच्या दगडी घरात उतरलो. खिडकीतून हसन दाग हा तीन हजार मीटरहून उंच ज्वालामुखी दिसत होता आणि त्याच्या माथ्यावर मेच्या मध्यातही बर्फ होता. रात्री इतकी थंडी पडली, की आमच्या पांघरुणांवर घरमालकिणीने स्वतःहून आणखी एक एक जाड लोकरी रजई आणून टाकली.

सकाळी अंगणात तिघाडीला टांगलेली एक पखाल दिसली. बकऱ्याचे अख्खे कातडे, पायांची टोके दोरीने बांधलेली, केस आतून-बाहेरून काढून कमावलेले. घरमालकीण, जिला ताई पहिल्या दिवसापासून तेयझे म्हणजे मावशी म्हणू लागली होती, ती पखालीत आदल्या रात्री विरजलेले दही आणि थोडे थंड पाणी घालून दोन्ही हातांनी ती पुढे-मागे हेलकावत होती. सुरुवातीला आतून येणारा आवाज पातळ, खळखळणारा होता. पंधरा-वीस मिनिटांनी तो जड झाला, मग मधेच थबकल्यासारखा झाला, आणि मावशींनी लगेच हात थांबवला. तोंडाची दोरी सोडून त्यांनी आत हात घातला, तेव्हा बोटांना मोहरीएवढे लोण्याचे कण चिकटून आले. आणखी थोडे पाणी, आणखी थोडे हेलकावे, आणि मग गोळा. उरलेल्या ताकातले अर्धे आम्हाला प्यायला मिळाले. अर्धे चुलीवर चढले, फाटले, आणि त्याचे पाणी फडक्यातून गाळल्यावर जो चुरा राहिला तो मीठ लावून ठेवण्यात आला. तोच आम्ही दुसऱ्या दिवशी भाकरीसारख्या पातळ पोळीत टोमॅटोबरोबर खाल्ला.

मी हे इतक्या तपशिलाने लिहिते आहे, कारण दुधाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट या अंगणात डोळ्यांसमोर घडत होती. पहिल्या शेतकऱ्यांना मोठेपणी दूध पचत नव्हते. दुधातील शर्करा पचवणारे लॅक्टेज हे विकर बहुतेक माणसांत बालपणानंतर कमी होत जाते, आणि युरोपातील नवाश्मयुगीन शेतकऱ्यांच्या हाडांतून काढलेल्या जनुकद्रव्यात ते आयुष्यभर टिकवणारा बदल जवळजवळ आढळत नाही. तरी भांड्यांत दूध आहे. याचे उत्तर विरजणात आहे: दही लागताना जिवाणू त्या शर्करेचा एक मोठा भाग खाऊन टाकतात, आणि चक्का किंवा चीज करताना उरलेली बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते. पोलंडमधील कुयाविया भागात सापडलेली, सातएक हजार वर्षांपूर्वीची भोकाभोकांची खापरे चीज गाळण्याच्या चाळण्या होत्या, हे २०१३ साली त्यांत मुरलेल्या दुधाच्या चरबीवरून सिद्ध झाले. दूध पचवू शकणारी माणसे पुढे निर्माण झाली. दूध पचेल असे करून घेणारे हात त्यांच्या हजारो वर्षे आधी कामाला लागले होते.

आशिक्ली ह्योयुक ही टेकडी ग्युझेलयुर्तहून गाडीने अर्ध्या तासावर, किझिलकाया गावाजवळ मेलेन्दिझ नदीच्या काठी आहे. तिथे इ.स.पू. ८४०० च्या सुमारास माणसे राहू लागली आणि जवळजवळ हजार वर्षे राहिली. उफुक एसिन यांनी १९८९ मध्ये येथे उत्खनन सुरू केले आणि पुढे मिहरिबान ओझबाशारान यांनी ते चालवले. बाहेर प्रवेशाशीच मातीच्या विटांची काही घरे जुन्या पद्धतीने उभारलेली आहेत. छपरातील भोकातून शिडीने आत उतरावे लागते. आत उतरल्यावर ताई म्हणाली, "अगं, इथे माघातसुद्धा थंडी वाजायची नाही," आणि ते खरेच होते, कारण भिंती हातभर जाड होत्या.

आमच्याबरोबर आलेला राखणदार साठीचा, मितभाषी गृहस्थ होता आणि त्याने स्वतः तरुणपणी उत्खननात मजुरी केली होती. त्याने आम्हाला छपराखालील खोल खड्ड्याच्या कडेपाशी नेले आणि काठीने भिंतीतील एक पट्टा दाखवला. राखाडी मातीच्या थरांमध्ये तपकिरी, पापुद्र्यांचा, दाबून बसलेला एक थर होता. ते मेंढ्यांचे शेण आणि लेंड्या होत्या. वस्तीच्या आत, घरांच्या मधल्या जागेत जनावरे कोंडली जात होती, याचा तो पुरावा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील चाऱ्याचे तंतू दिसतात, आणि मातीत मुरलेल्या मूत्रातील क्षारांचे प्रमाण काळानुसार कसे वाढत गेले यावरून कळप किती वाढले याचाही अंदाज संशोधकांनी केला आहे. खालच्या, जुन्या थरांत ससे, कासवे, मासे, पक्षी अशा अनेक प्राण्यांची हाडे मिळतात. वर यावे तसतसे मेंढ्या-शेळ्यांचे प्रमाण वाढत जाऊन शेवटी त्यांचेच राज्य होते. २०१४ साली हा सगळा क्रम प्रसिद्ध झाला तेव्हा शिकाऱ्याचा मेंढपाळ कसा झाला हे एकाच टेकडीत, थरामागून थरात वाचता आले.

आणि तरीही इथे दुधाबद्दल बोलता येत नाही, कारण आशिक्लीत मडकीच नाहीत. त्या लोकांनी भांडी घडवण्याआधीच टेकडी सोडली. मेंढी अंगणात आहे, तिची पिल्ले अंगणात जन्मत आणि मरत आहेत, पण दुधाची साक्ष देणारे भांडे अजून हजार वर्षे दूर आहे. मला या मुक्कामावर सर्वांत जास्त विचार करायला लागला तो याच गोष्टीमुळे.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, आशिक्लीला सार्वजनिक बस जात नाही. ग्युझेलयुर्त किंवा सेलिमे येथून गाडी ठरवून त्याच दिवशी इहलारा दरीचा एखादा भाग पायी पाहता येतो. दरी चौदाएक किलोमीटर लांब आहे, पण बेलिसिर्मा गावाच्या आसपासचा टप्पा वयस्कर माणसांनाही सहज झेपतो आणि नदीवरच्या मचाणांवर बसून जेवता येते. दुसरी, शाकाहारी मंडळींनी डाळीचे सूप मागवताना ते मांसाच्या रश्शात शिजवलेले नाही ना, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे. खेड्यांत बहुधा पाण्यात शिजवतात, शहरांत सांगता येत नाही.

कोन्या : बोझदाग

कोन्याला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही शहराच्या ईशान्येला असलेल्या बोझदाग डोंगरांकडे गेलो. तिथे अनातोलियन रानमेंढी राहते. शिकारीमुळे ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर काही डझनांवर आली होती. १९६७ मध्ये या भागाला संरक्षण मिळाले आणि आज कळप पुन्हा उभे राहिले आहेत. पाळीव मेंढीचे पूर्वज ज्या आशियाई रानमेंढ्यांमधले, त्याच कुळातील ही जात आहे.

वनखात्याच्या परवानगीने कुंपणाच्या कडेने चालत जाताना एक नर आमच्यापासून पन्नासेक पावलांवर उभा राहिला. तांबूस-तपकिरी रंग, पाठीवर फिकट डाग, मागे वळलेली शिंगे. लोकरीचे नावही नाही. दिसायला तो हरणासारखाच होता. मात्र मानेच्या आणि खांद्याच्या बाजूने त्याच्या अंगावरून करड्या रंगाची जळमटे लोंबत होती आणि कुंपणाच्या तारेलाही तशीच अडकलेली होती. ताईने तारेवरचा एक झुपका हात न लावता नुसता निरखून पाहिला. वरचे जाड, ठिसूळ, पोकळ केस आणि त्यांच्या मुळाशी दडलेली बोटाच्या पेराहूनही आखूड, पण अतिशय मऊ लव. रानमेंढीला हिवाळ्यात ही लव येते आणि वसंतात गळून जाते. लोकर म्हणतात ती हीच. फक्त ती रानमेंढीच्या अंगावर इतकी थोडी, इतकी आखूड आणि राठ केसांत इतकी गुंतलेली असते, की तिचा धागा काढायचे मनात आणणेच अवघड. पिढ्यान् पिढ्या ज्या मेंढ्यांचे राठ केस कमी आणि लव जास्त, त्याच राखत गेल्यावर, हजारो वर्षांनी, लोकरी मेंढी झाली. दुधासाठी मेंढी बदलावी लागली नाही, फक्त भांडे आणि विरजण लागले. लोकरीसाठी मेंढीच नवी घडवावी लागली. या प्रवासातून मला जे समजले ते थोडक्यात हेच, आणि ते त्या तारेपाशी समजले.

कोन्या : नमदेवाला आणि तकली

संध्याकाळी जुन्या बाजारात एका नमदेवाल्या उस्तादांच्या दुकानात गेलो. कोन्यात नमदा म्हणजे न विणता, लोकर पाण्याने आणि साबणाने दाबून-मळून केलेले जाड कापड बनवण्याची जुनी परंपरा आहे. मेवलाना, म्हणजे सूफी कवी रुमी, यांच्या पंथातील दरवेशांच्या उंच टोप्या अशाच नमद्याच्या असतात. उस्तादांनी चटईवर पिंजलेली लोकर अंथरली, गरम पाणी शिंपडले, चटई गुंडाळली आणि पायाने व कोपरांनी ती लोळवत राहिले. मग त्यांनी एक प्रयोग दाखवला, जो मी वर्गात कधी दाखवू शकले नव्हते. एका हातात मेंढीची लोकर, दुसऱ्या हातात साध्या बकरीचे राठ केस. दोन्ही सारखेच मळले. लोकरीची गच्च गोळी झाली. केस ओले होऊन तसेच मोकळे राहिले. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते ओलाव्यात उघडतात आणि एकमेकांत अडकून घट्ट धरतात; राठ केसांचे खवले चपटे, बसके असतात.

ताईने पिशवीतून तकली काढली. उस्तादांनी तिला मूठभर पांढरी लोकर दिली आणि ती धागा ओढू लागली तशी दुकानातील दोन गिऱ्हाइके आणि शेजारचा चहावाला येऊन उभे राहिले. "कापसासारखी नाही गं ही, बोटाला धरते, ओढ म्हटले की येते," असे ती मला सांगत होती. मग तिने तेच बकरीच्या केसांशी करून पाहिले. धागा पीळ घेई, पण जरा ताण आला की केस केसावरून निसटून तुटे. तिने उस्तादांना, माझ्या मोडक्या तुर्कीच्या आणि फोनच्या आधाराने, आपल्याकडच्या दख्खनी मेंढीबद्दल सांगितले: तिची लोकर राठ आणि केसाळ असते, धनगर ती वर्षातून दोनदा कातरतात, आणि घोंगडीचा ताणा विणताना तुटू नये म्हणून त्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोका म्हणजे काय, हे समजावताना बराच वेळ गेला. उस्तादांनी शेवटी खळीचा नमुना पाठवा म्हणून पत्ता लिहून दिला, आणि ताई तो परत आल्यावर खरोखर पाठवणार आहे.

तकली बरोबर न्यायची असल्यास ती विमानात हातसामानात ठेवू नये. टोकदार म्हणून काढून घेतात.

जेवणात तारहाना सूप जरूर मागवावे. दही, गव्हाचे पीठ आणि भाज्या आंबवून, वाळवून, चुरून ठेवतात आणि हिवाळाभर पाण्यात उकळून पितात. दूध आणि धान्य एकत्र टिकवण्याची ही युक्ती अतिशय शहाणी आहे. चीजच्या दुकानात दिव्ले ओब्रुक नावाचे चीज मिळते. ते कारामान भागातील एका खोल नैसर्गिक विवरात, कातड्याच्या पिशव्यांत भरून महिनोन् महिने ठेवतात आणि कातड्यावर तांबडी बुरशी धरते. चव तीव्र आहे; पहिल्यांदा अगदी थोडे घ्यावे.

चातालह्योयुक

कोन्याच्या आग्नेयेला चुमरा भागात, सपाट गव्हाच्या रानात ही टेकडी अचानक उभी राहते. इ.स.पू. ७१०० पासून हजारभर वर्षे माणसांनी इथे घरावर घर बांधले. १९५८ मध्ये जेम्स मेलार्ट यांनी ती हेरली, साठच्या दशकात खणली, आणि १९९३ ते २०१८ पर्यंत इयान हॉडर यांनी तिथे प्रदीर्घ काम केले. २०१२ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. घरांना रस्ते नाहीत, दारे नाहीत. छपरावरून चालत जाऊन शिडीने उतरायचे. भिंतींत बसवलेल्या बैलांच्या शिंगांची चित्रे सर्वांनी पाहिलेली असतात, पण ती शिंगे रानटी बैलांची आहेत, आणि रोजच्या जेवणातील हाडे बहुतांशी मेंढ्या-शेळ्यांची.

आम्ही गेलो त्या दिवशी वारा इतका होता, की मोठ्या छपराखालीही डोळ्यांत धूळ जात होती. पूर्वेच्या टेकडीवर उत्खननाच्या कडेने फिरताना तिथे भेटलेल्या एका तरुण विद्यार्थिनीने आम्हाला एक घर दाखवले, जिथे ओट्याखाली माणसे पुरलेली सापडली होती. अशाच दफनांभोवती गुंडाळलेले, जळून कोळसा झाल्यामुळे टिकलेले कापडाचे तुकडे इथे मेलार्ट यांच्या काळापासून मिळत आले. ते लोकरीचे की जवसाच्या झाडाच्या तंतूंचे, हा वाद साठ वर्षे चालला. २०२१ मध्ये तंतूंची नव्याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली तेव्हा उत्तर तिसरेच निघाले: ते ओकच्या झाडाच्या अंतर्सालीचे होते. साडेआठ हजार वर्षांपूर्वी, हजारो मेंढ्यांच्या सान्निध्यात राहणारी ही माणसे मृतांना गुंडाळायला झाडाची साल सोलून, भिजवून, तिचे तंतू वळून कापड विणत होती. ताई तिथे बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मेंढीवर कातण्यासारखे काही नव्हतेच ना तेव्हा." बोझदागच्या तारेवरचा झुपका आम्हा दोघींच्या डोळ्यांपुढे होता.

दुधाची हकीकत नेमकी याच्या उलट, आणि ती जुन्या नदीपात्राच्या पलीकडच्या लहान, पश्चिमेच्या टेकडीवर आहे. तिथल्या, इ.स.पू. ५९०० ते ५८०० च्या भांड्यांच्या आतील बाजूस पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर साचलेला होता, जसा आपल्या पाणी तापवण्याच्या भांड्यात साचतो, आणि त्या थरात अन्नातील प्रथिने अडकून राहिली होती. जेसिका हेंडी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ती ओळखली. सातू, गहू, वाटाण्याच्या कुळातील कडधान्ये, आणि मेंढी, शेळी व गाय यांचे दूध. एका भांड्यात दह्याच्या निवळीतील प्रथिने ठळक होती, म्हणजे दूध फोडून किंवा विरजून त्याचे घट्ट आणि पातळ भाग वेगळे केले जात होते. ग्युझेलयुर्तच्या अंगणात चुलीवर फाटलेले ताक आणि हे भांडे यांच्यामध्ये जवळजवळ आठ हजार वर्षे आहेत.

पश्चिमेची टेकडी पाहायला फारसे कोणी जात नाही आणि तिथे पाहण्यासारखे उघडे उत्खननही फार नाही, पण चालत जावे. कोन्याहून चुमऱ्यापर्यंत मिनीबस आहे, पुढे टॅक्सी. परतीची टॅक्सी आधीच थांबवून ठेवावी. पाणी, टोपी आणि वाऱ्यासाठी गळपट्टा लागतो, सावली फक्त छपराखाली.

कायसेरी आणि क्युलतेपे

शेवटचा टप्पा लोकरीचा. कायसेरीच्या ईशान्येला वीसेक किलोमीटरवर क्युलतेपे आहे, प्राचीन कानेश. इ.स.पू. विसाव्या ते अठराव्या शतकांत आजच्या उत्तर इराकमधील असूर शहराचे व्यापारी इथे वसाहत करून राहत, आणि त्यांच्या घरांतून २३,००० हून अधिक क्यूनिफॉर्म, म्हणजे पाचरीसारख्या खुणांच्या लिपीतील, मातीच्या पाट्या मिळाल्या आहेत. २०१५ मध्ये त्यांची युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात नोंद झाली. काळ्या गाढवांच्या तांड्यावर कथील आणि कापड लादून ते असूरहून निघत आणि हजारभर किलोमीटर चालून इथे येत. कापड लोकरीचे असे, आणि त्यातले पुष्कळसे असूरमध्ये मागे राहिलेल्या बायका विणत.

कायसेरीच्या किल्ल्यातील संग्रहालयात या पाट्या पाहिल्या. तळहातावर मावेल एवढी पाटी, तिच्यावर मातीचेच पाकीट, पाकिटावर शिक्का. त्या पत्रव्यवहारातील पुझुर-अश्शूर या व्यापाऱ्याने वाक्कुर्तुम या विणकर स्त्रीला लिहिलेले एक पत्र ताईला मी वाचून दाखवले होते, आणि ते तिला पाठ झाले आहे. तो लिहितो, की तू पाठवलेले तलम कापड चांगले आहे, तसेच आणखी कर. कापडाची एक बाजू विंचरून लव उठव, पण कातरू नकोस. वीण घट्ट असू दे. आधीच्यापेक्षा प्रत्येक कापडामागे एक मिना, म्हणजे सुमारे अर्धा किलो, लोकर जास्त घाल, पण कापड पातळच राहू दे. आणि पुरे झालेले कापड नऊ हात लांब व आठ हात रुंद असावे. "लोकर वाढव आणि कापड जाड होऊ देऊ नको, हे म्हणजे सूत आणखी बारीक कात असे सांगणे आहे," ताई म्हणाली. "म्हणजे तोवर मेंढ्यांची लोकर तितकी बारीक झालेली होती."

तिचे म्हणणे पुराव्याशी जुळते. मेसोपोटेमियात इ.स.पू. ३००० च्या आसपासच्या, लिपीच्या अगदी सुरुवातीच्या पाट्यांवरच मेंढ्यांच्या कळपांचा हिशेब दिसू लागतो, आणि त्या सहस्रकाच्या अखेरीस मंदिरांच्या व राजांच्या कोठारांसाठी हजारो स्त्रिया लोकर कातत-विणत होत्या. तेव्हा मेंढी कातरत नसत. वसंतात लोकर सैल झाली की ती उपटून घेत. कातरणीची वेळ लोखंडाबरोबर आली. जबड्यांचा अभ्यासही हेच सांगतो. सबॅस्टियन पेन यांनी १९७३ साली पूर्व तुर्कस्तानातील आश्वान काले येथील मेंढ्यांचे जबडे तपासून एक साधी कसोटी मांडली: मांस हवे असेल तर नर वाढ पुरी होता होता मारले जातात, दूध हवे असेल तर कोकरे फार लवकर, आणि लोकर हवी असेल तर नर-माद्या दोघांनाही म्हातारे होऊ दिले जाते. लोकरीने मेंढीला आयुष्य वाढवून दिले, आणि बाईला रात्रंदिवस पुरेल इतके काम. ही दुसरी गोष्ट पुस्तकांत थोडी कमी लिहिली जाते, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

क्युलतेपेच्या रस्त्याकडेला एका मेंढपाळाचे कुटुंब भेटले. तो, त्याची बायको आणि लहान मुलगा. नुकतीच कातरणी झालेली होती आणि लोकर पोत्यांत भरलेली होती. यंदा लोकरीला भाव नाही, कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी तो ती तशीच कुणाला तरी देऊन टाकणार होता. घर चालते ते दुधावर आणि कोकरांवर. त्याच्या बायकोने आम्हाला जाड साईचे दही आणि पोळी दिली आणि पैसे घ्यायला नकार दिला.

कायसेरीहून इस्तंबूलला रोज विमाने आहेत. एर्जियेस हा ३,९१७ मीटर उंच पर्वत शहरावर डोकावतो आणि सकाळच्या विमानात डाव्या-उजव्या कोणत्याही खिडकीतून तो बहुधा दिसतोच. शाकाहारी नसणाऱ्यांनी कायसेरीची मांती, म्हणजे दह्यात बुडवलेल्या, मांस भरलेल्या कणकेच्या चिमुकल्या पुड्या, चुकवू नये. आम्ही बटाट्याची खाल्ली. या मार्गाने जायचे असेल तर मेचा दुसरा पंधरवडा निवडावा: रानमेंढ्यांची लव तेव्हा गळत असते, खेड्यांत दूध मुबलक असते आणि कातरणी बघायला मिळते. मात्र स्वेटर आणि छत्री दोन्ही बरोबर हवीत. व्हिसासाठी आधीच चौकशी करावी. भारतीय पारपत्रावर ई-व्हिसा मिळतो तो अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा अथवा निवास परवाना असणाऱ्यांनाच, इतरांना तो रीतसर अर्ज करून घ्यावा लागतो आणि त्यात काही आठवडे जातात.